तापट स्वभाव : पित्त, प्रकृती आणि माणूस बघून येणारा राग

धानाची कापणी-मळणी आटोपून, दिवसभराची कामं बाजूला ठेवून तुम्ही इथे अर्जुनीत जमलात, आणि जे दूरवरून ऐकताहेत किंवा नंतर वाचणार आहेत तेही या बैठकीत आहेतच असं मी धरून चालतो. मागच्या वेळी आपण भीतीबद्दल बोललो. आज राग.

सुरुवात घरातूनच करतो. माझा नातू सव्वातीन वर्षांचा आहे. परवा त्याची गाडी कुणीतरी उचलून कपाटावर ठेवली, तर त्याने असा काही थयथयाट केला की शेजारच्या वहिनी पाहायला आल्या. पोराकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आजोबांवर गेला जी हा. स्वभावाला औषध नाही." सगळे हसले. मीही हसलो. पण रात्री झोप येईना. सव्वातीन वर्षांच्या मुलावर आपण एक शिक्का मारला आणि तो शिक्का माझ्या नावाचा होता. माझ्या तापटपणाने काय काय झालं ते मला ठाऊक आहे. त्यातलं एक पुढे सांगणार आहे.

तर प्रश्न असा : तापटपणा हा स्वभावच असतो का? आणि स्वभाव असेल, तर त्याला खरंच औषध नाही का? हा प्रश्न नवा नाही. त्याला निदान दोन हजार वर्षांचा इतिहास आहे आणि त्यातला बराचसा आपल्याच भाषेत सांडलेला आहे.

भाषेपासूनच बघा. आपण म्हणतो, "त्याचं पित्त खवळलं." पित्त हा शरीरातला पदार्थ, राग ही मनातली गोष्ट, पण मराठी माणसाला त्या दोन्ही एकच वाटतात. आता गंमत अशी की ग्रीकांनाही तसंच वाटत होतं. त्यांच्या वैद्यकात शरीरात चार रस मानलेले : रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त. दुसऱ्या शतकातल्या गेलन या वैद्याने या रसांच्या मिश्रणावरून माणसाच्या प्रकृती सांगितल्या. ज्याच्यात पिवळं पित्त अधिक, तो तापट. ग्रीकमध्ये पित्ताला 'खोले' म्हणतात, त्यावरून इंग्रजीत तापट माणसाला 'कोलेरिक' म्हणू लागले. स्वभावाला इंग्रजीत 'टेंपरामेंट' म्हणतात, तो शब्दही योग्य प्रमाणात मिसळणे या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलेला. म्हणजे स्वभाव हे एक मिश्रण. भाजीत तिखट जास्त पडावं, तसं कुणात पित्त जास्त पडलेलं.

आपल्याकडे आयुर्वेदात तीन दोष : वात, पित्त, कफ. पित्तप्रकृतीच्या माणसाचं वर्णन चरक आणि सुश्रुत दोघांनीही केलं आहे. त्याला उष्णता सोसत नाही, भूक-तहान फार, केस लवकर पिकतात, टक्कल लवकर पडतं. (हशा) हसू नका, माझ्या डोक्याकडे बघून हसताय हे मला दिसतंय. सुश्रुताने आणखी एक लक्षण दिलं आहे, ते फार बारीक नजरेचं आहे. हा माणूस चटकन रागावतो आणि चटकन निवळतो. आजही आपण म्हणतोच ना, "रागावतो, पण मनात काही ठेवत नाही." त्या वाक्यामागे ही इतकी जुनी नोंद आहे.

पण चरकाने एक गोष्ट केली, तिच्याकडे आपण सहसा लक्ष देत नाही. सूत्रस्थानात त्याने वेगांचे दोन गट केले. एका गटात शरीराचे तेरा वेग : शिंक, जांभई, भूक, तहान, झोप, अश्रू वगैरे. हे अडवू नका, अडवले तर रोग होतात, असं तो सांगतो. दुसऱ्या गटात मनाचे वेग : लोभ, शोक, भय, क्रोध वगैरे. हे मात्र धरून ठेवावेत. म्हणजे बघा, ज्या शास्त्राने पित्तप्रकृती जन्माची मानली, त्याच शास्त्राने क्रोधाला शिंकेच्या रांगेत बसवलं नाही. शिंक आली तर तुमचा इलाज नाही. राग आला तर आहे. प्रकृती तुमची नसेलही तुमच्या हातात, पण वेग तुमच्या हातात आहे. आपण चरकाचा पहिला भाग उचलला आणि दुसरा सोडून दिला. आपल्या सोयीचा होता तेवढा घेतला.

आता दुसरी परंपरा बघू. पाचव्या शतकात श्रीलंकेत, अनुराधपूरच्या महाविहारात बुद्धघोष नावाच्या आचार्याने पालीत 'विसुद्धिमग्ग' लिहिला. त्यात माणसांच्या सहा चरिता सांगितल्या आहेत. चरिता म्हणजे स्वभावाचे प्रकार. रागचरित, दोसचरित, मोहचरित, आणि श्रद्धा, बुद्धी, वितर्क यांचे तीन. इथे एक खुलासा केला पाहिजे. पालीत आणि संस्कृतात 'राग' म्हणजे आसक्ती. मराठीत तो शब्द घसरत घसरत क्रोधावर आला. त्यामुळे आपण ज्याला रागीट म्हणतो तो बुद्धघोषाचा दोसचरित. 'दोस' म्हणजे द्वेष.

हा दोसचरित भिक्खू ओळखायचा कसा? बुद्धघोष त्याच्या मनात शिरत नाही, त्याचे हातपाय पाहतो. तो चालतो तेव्हा पायाच्या टोकांनी जमीन उकरल्यासारखा चालतो. झाडू घट्ट धरतो, खरखर आवाज करत घाईने झाडतो, वाळू दोन्हीकडे उडवतो आणि अंगण काही नीट झाडलं जात नाही. अंथरूण कसंतरी टाकतो, कपाळाला आठ्या घालून झोपतो, उठवलं तर वैतागल्यासारखं उत्तर देतो. जेवताना तोंडभर घास घेतो, चवीकडे लक्ष नाही. दीड हजार वर्षांपूर्वीचं वर्णन आहे हे. आपापल्या घरातलं कोण कोण डोळ्यासमोर आलं ते मला सांगू नका, मनातच ठेवा.

आणि अशा माणसाला राहायला खोली कशी द्यायची? आपण म्हणू, याला कोपऱ्यातली अंधारी द्या, अद्दल घडेल. बुद्धघोष उलट सांगतो. आसक्त स्वभावाच्या माणसाला ओबडधोबड, मळकी जागा द्या. रागीट माणसाला मात्र सावली-पाण्याची, नीट बांधलेली, चित्रं काढलेली, प्रसन्न जागा द्या. त्याला भिक्षा वाढणारे लोकही हसतमुख असावेत. ध्यानासाठी त्याला मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा हे विषय द्यावेत. कारण आगीत आणखी लाकूड घालायचं नसतं, एवढं साधं आहे.

आणखी एक निरीक्षण त्याने नोंदवलं आहे, त्यावर मी स्वतः पुष्कळ विचार केला. दोसचरित आणि बुद्धिचरित हे एकमेकांचे नातलग आहेत, असं तो म्हणतो. दोघेही दोष शोधतात आणि दोघेही वस्तूला चिकटून राहत नाहीत. फरक एवढाच की द्वेष नसलेले दोष शोधतो आणि बुद्धी असलेले दोष शोधते. म्हणजे तापट माणसाकडची हत्यारं वाईट नसतात, तो ती भलतीकडे चालवतो. शेवटी बुद्धघोष प्रामाणिकपणे हेही सांगून ठेवतो की ही लक्षणं आचार्यांच्या मतानुसार दिली आहेत, ती मूळ ग्रंथांत पूर्णपणे आलेली नाहीत, म्हणून त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नका. स्वभावाचं एवढं बारीक कोष्टक मांडून त्यावरच सावधगिरीची सूचना लिहिणारा माणूस! आपण तर शेजारच्या वहिनींच्या एका वाक्यावर मुलाचं भविष्य ठरवतो.

हा ग्रंथ आपल्यापर्यंत आणण्यात एका मराठी माणसाचा मोठा वाटा आहे. धर्मानंद कोसंबी. जन्म १८७६, गोव्यातलं साखवाळ. बुद्धधर्माच्या शोधात १८९९ साली घर सोडलं, १९०२ साली श्रीलंकेत भिक्खू झाले. अमेरिकेत हार्वर्डला वॉरन नावाच्या विद्वानाने विसुद्धिमग्गाच्या संपादनाचं काम हाती घेतलं होतं. ते अपुरं ठेवून वॉरन वारले. त्या कामासाठी १९१० साली कोसंबींना बोलावलं गेलं. तिथे प्राध्यापक लॅनमन यांच्याशी श्रेयाच्या प्रश्नावर त्यांचे मतभेद झाले आणि १९१२ मध्ये ते परतले. पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवू लागले.

आता विचार करा. द्वेषस्वभावावर कसं काम करायचं ते सांगणारा ग्रंथ हातात, आणि त्याच ग्रंथावरून वाद. इथे एखाद्याने म्हटलं असतं, तुमचं काम तुमच्यापाशी राहू द्या. कोसंबी १९१८ साली पुन्हा हार्वर्डला गेले, त्यानंतरही गेले. १९३२ मध्ये काम पुरं केलं. दरम्यान मराठी वाचकासाठी 'समाधिमार्ग' लिहिला. १९४० साली मुंबईत भारतीय विद्या भवनातर्फे ग्रंथाची देवनागरी आवृत्ती निघाली. हार्वर्डची आवृत्ती निघाली १९५० साली, वॉरन आणि कोसंबी या दोघांच्याही नावाने. ती बघायला कोसंबी नव्हते. ४ जून १९४७ रोजी, आपल्याच विदर्भात, सेवाग्रामला त्यांचं निधन झालं होतं. ते तापट होते की शांत, हा निवाडा मी करणार नाही. मला एवढंच दिसतं की हक्काची गोष्ट त्यांनी सोडली नाही आणि कामही सोडलं नाही.

बुद्धवचनांतला एक दाखला अंगुत्तरनिकायात आहे. माणसं तीन प्रकारची. एकाचा राग दगडावर कोरलेल्या रेघेसारखा, पुसतच नाही. दुसऱ्याचा मातीवरच्या रेघेसारखा, वाऱ्यापाण्याने जातो. तिसऱ्याचा पाण्यावरच्या रेघेसारखा. सुश्रुताने पाहिलं राग किती लवकर येतो आणि जातो. इथे मोजलं आहे तो किती टिकतो.

हीच वाट पुढे आधुनिक मानसशास्त्राने धरली. चार्ल्स स्पीलबर्गर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने दोन गोष्टी वेगळ्या केल्या : या क्षणाला आलेला राग आणि व्यक्तिमत्त्वात मुरलेला रागीटपणा. त्या मुरलेल्या रागीटपणाचेही त्याने दोन भाग पाडले. एक, फारसं कारण नसताना भडकणारा तापट स्वभाव. दुसरा, कुणी टीका केली, डावललं, अन्याय केला की उफाळणारा राग. हा भेद ध्यानात ठेवा, मला त्याची पुढे गरज पडणार आहे.

आणि मुलांबद्दल? १९५६ साली न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या डॉक्टर दांपत्याने तान्ह्या मुलांचा अभ्यास सुरू केला आणि त्या मुलांना मोठी होईपर्यंत पाहिलं. त्यांना दिसलं की मुलं कोऱ्या पाटीसारखी जन्मत नाहीत. सुमारे ४० टक्के मुलं सांभाळायला सोपी, सुमारे १५ टक्के सावकाश रुळणारी, सुमारे १० टक्के अवघड, म्हणजे तीव्र प्रतिक्रिया देणारी, चिडणारी. बाकीची या कप्प्यांत न बसणारी. पण त्यांचा खरा निष्कर्ष पुढचा आहे. अवघड मूल पुढे बिघडेलच असं नाही. मुलाचा स्वभाव आणि भोवतालची माणसं यांचा मेळ बसतो की नाही, यावर बरंच काही ठरतं. मला हे वाचताना बुद्धघोषाची ती सावलीची, चित्रं काढलेली खोली आठवली. तापट भिक्खूला प्रसन्न जागा द्या म्हणणारा आचार्य आणि अवघड मुलाशी मेळ बसवा म्हणणारे हे डॉक्टर, यांच्यात दीड हजार वर्षांचं अंतर आहे. सल्ला एकच.

इथपर्यंत आपण दोन प्रश्न पाहिले. राग किती लवकर येतो? यात प्रकृतीचा वाटा आहे, जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतही तो दिसतो. राग किती टिकतो? यात प्रकृतीही आहे आणि सरावही. पण तिसरा प्रश्न राहिला. राग कुणावर येतो?

माझे आजोबा एका मालगुजाराकडे दिवाणजी होते. त्या वेळी आपला हा भाग भंडारा जिल्ह्यात; गोंदिया जिल्हा झाला १ मे १९९९ ला. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, म्हणून आज आपण त्यांना मामा तलाव म्हणतो, माजी मालगुजारी तलाव. आजोबा सांगायचे, मालक सालदाराच्या अंगावर पितळेचा तांब्या भिरकावायचे. लोक म्हणायचे, "मालक तापट आहेत, पण मनाने चांगले." तोच सालदार एकदा उलटून बोलला. त्याला कुणी तापट म्हटलं नाही. त्याला म्हटलं, "माजला." घरातल्या बाई रागावल्या तर त्या कजाग. आणि विधवा सुनेच्या रागाला तर शब्दच नव्हता, कारण तिने रागवायचंच नव्हतं. राग एकच, पण नाव हुद्द्याप्रमाणे. 'स्वभाव' ही सवलत वरच्यांना मिळायची, खालच्यांच्या वाट्याला नुसता अपराध.

ॲरिस्टॉटलने हे ओळखलं होतं. तो म्हणतो, आपली अवहेलना करण्याचा ज्याला अधिकार नाही, त्याने ती केली असं वाटलं की राग येतो. म्हणजे रागात दर्जाचा हिशोब आधीच बसलेला आहे. आणि तो आणखी सांगतो की ज्याची भीती वाटते, त्याच्यावर त्याच वेळी रागावता येत नाही.

मला हे ॲरिस्टॉटल शिकवतानाही कळलं नव्हतं. कळलं ते एका विद्यार्थ्याकडून. १९८७ ची गोष्ट, मी एका महाविद्यालयात शिकवत होतो. रोवणीचे दिवस. एक मुलगा अर्ध्या तासाने वर्गात आला, पायाला चिखल. मी त्याची वही घेतली, दाराबाहेर फेकली आणि म्हणालो, "शिकणं तुझं काम नाही, नांगर धर." मुलगा वही उचलून निघून गेला, तो परत आला नाही. मी आठवडाभर वाट पाहिली आणि विसरलो. विसरलो कसा? "आपला स्वभाव तापट आहे, मनात काही नसतं," असं म्हणून.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी तो मला एका राईस मिलमध्ये भेटला. तिथे हिशेब लिहायचा. त्याने ओळखलं, खुर्ची दिली, चहा मागवला. मी माफी मागायला लागलो तेव्हा तेच जुनं वाक्य तोंडी आलं, "बाबा, माझा स्वभावच तापट." तो शांतपणे म्हणाला, "तसं नव्हतं जी सर. फी माफीच्या अर्जासाठी मी साहेबाच्या खोलीबाहेर दोनदा उभा होतो. तुमचा पगार थकला होता, तुम्ही आत बोलत होते. तुमचा आवाज कधी चढला नाही जी."

मी गप्प. काय बोलणार? पित्त माणूस बघून खवळत नाही. माझं खवळत होतं. साहेबासमोर ते थंड असायचं आणि चिखलाच्या पायांसमोर उकळायचं. मग ते पित्त नव्हतं. तीस वर्षं मी ज्याला प्रकृती म्हणत आलो, ती सोय होती. हा माझ्यावरचा सर्वांत अचूक शेरा आहे आणि तो देणाऱ्याचं शिक्षण मी बंद पाडलं होतं.

कुणी म्हणेल, मग राग सोडूनच द्यावा. मी तसं म्हणत नाही. स्पीलबर्गरचा दुसरा भाग आठवा, अन्यायावर उफाळणारा राग. २० मार्च १९२७ रोजी महाडला डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी चवदार तळ्याचं पाणी प्यायले. आपण तलावांच्या मुलखातले, ओंजळभर पाण्यासाठी मिरवणूक काढावी लागणं म्हणजे काय हे आपल्याला समजायला हवं. त्यानंतर परिषदेला आलेल्या लोकांवर जमावाने हल्ला केला, माणसं जखमी झाली. संतापायला याहून मोठं कारण कोणतं? प्रतिहल्ला करायला लोक तयार होते. बाबासाहेबांनी त्यांना आवरलं. डिसेंबरात पुन्हा हजारो सत्याग्रही जमले, तेव्हा न्यायालयाचा मनाई हुकूम आलेला होता. तळ्यावर जायचं स्थगित केलं, पण प्रश्न सोडला नाही. खटला चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. दहा वर्षं. हा राग वरच्याकडे तोंड करून उभा राहिला आणि खालच्या कुणाच्या अंगावर सांडला नाही. चरकाने धारण करायला सांगितलेला वेग तो हाच, असं मला वाटतं. धरणं म्हणजे गिळणं नव्हे. बांध घालून पाणी धरतात, तसं धरणं. नवेगावबांध आपल्या उशाशी आहे, बांधाचं काम मी तुम्हाला सांगायला नको. धरलेलं पाणी योग्य बांधीत सोडायचं असतं.

शेवटचा मुद्दा. आपल्याच तालुक्यात गोठणगाव-प्रतापगडच्या बाजूला १९७२ पासून तिबेटी लोकांची वसाहत आहे, नोर्ग्येलिंग. आपण तिथे जातो, मोमो खातो, फोटो काढतो, परत येतो. या लोकांच्या परंपरेत आठव्या शतकातल्या शांतिदेवाचा 'बोधिचर्यावतार' मोठ्या आदराने शिकवला जातो. त्याचा सहावा अध्याय पूर्ण रागावर आणि क्षमेवर आहे. त्यात एक प्रश्न आहे, आणि तो नेमका पित्ताचाच आहे. त्याचा भाव असा : पित्त मला एवढा त्रास देतं, त्याच्यावर मी रागावत नाही, कारण ते कारणांनी बिघडतं हे मला माहीत आहे. मग माणूसही कारणांनीच बिघडतो ना, त्याच्यावर का रागावतो? ज्यांचं घरदार, देश गेला ती माणसं हा प्रश्न उराशी धरून आपल्यापासून थोड्या मैलांवर राहतात. आपण मात्र "पित्त खवळलं" हे रागाचं निमित्त म्हणून वापरतो. ते क्षमेचं कारण म्हणून वापरतात. शब्द तोच.

तर माझ्या नातवाचं काय? त्याची प्रकृती कदाचित माझ्यासारखी असेल. लवकर भडकेल, लवकर निवळेल, टक्कलही लवकर पडेल. (हशा) ते त्याच्या हातात नाही. पण तो कुणावर भडकतो, हे तो आमच्याकडे बघून शिकणार आहे. कामाला येणाऱ्या बाईंशी मी कसा बोलतो आणि बँकेच्या साहेबाशी कसा बोलतो, यातला फरक तो रोज पाहतो. तेवढा वारसा मला बदलता येईल. म्हणून त्या वहिनींना मी दुसऱ्या दिवशी एवढंच म्हटलं, "पोराला तापट म्हणू नका जी. चिडला होता म्हणा. गाडी कपाटावर ठेवली होती त्याची."

घरी गेल्यावर एक करून बघा. गेल्या महिन्यात तुम्ही ज्यांच्यावर आवाज चढवला, त्यांची नावं कागदावर लिहा. मग बघा, त्या यादीत तुमच्यापेक्षा वरचा कुणी आहे का. माझ्या यादीत नव्हता.

थांबतो. प्रश्न असतील तर विचारा, रागावणार नाही.